हात वाळेपर्यंत

सरांच्या घरी जेवायला बसणं सोपं होतं, उठणं महाकठीण.

जयपूरच्या जगतपुऱ्यात, स्टेशनच्या अलीकडच्या एका गल्लीत त्यांचं घर. खालच्या हॉलमध्ये जवळजवळ भिंतीपासून भिंतीपर्यंत टेबल टेनिसचं एक हिरवं टेबल. सर ज्या विमा कंपनीत होते तिथला क्लब बंद पडला, टेबल भंगारात निघालं, ते सरांनी टेम्पोत घालून घरी आणलं. खेळायला नव्हे, जेवायला. जाळी काढली होती, पण जाळीचा नियम ठेवला होता: अलीकडे हिंदी-मराठी, पलीकडे फक्त स्पॅनिश. पलीकडे बसलेल्याला मीठ हवं असेल आणि मिठाचा स्पॅनिश शब्द आठवत नसेल, तर उठायचं, खुर्ची उचलून अलीकडे यायचं, हिंदीत मीठ मागायचं आणि खुर्चीसकट परत जायचं. पहिल्या आठवड्यात मी तीनदा अळणी वरण गिळलं, पण खुर्ची काही उचलली नाही. मीही काही कमी नव्हते.

मी तेव्हा झालान्यातल्या एका आयटी कंपनीत होते. मूळची मिरजेची. स्पेनला जाऊन मास्टर्स करायचं खूळ डोक्यात शिरलं होतं आणि त्यासाठी भाषा हवी होती. इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत एक बाई म्हणाल्या, "अहो, जगतपुऱ्यात आपले एक सर आहेत की. कराडचे. रिटायर झाल्यापासून गाइड लोकांना स्पॅनिश शिकवतात. माणूस चांगला आहे, पण जरा... तुम्हीच बघा." ते 'जरा' काय होतं ते पहिल्याच दिवशी कळलं. मी दार वाजवलं तेव्हा सर दुपारी बारा वाजता इस्त्रीचा शर्ट, पॉलिश केलेले बूट अशा थाटात कांदा चिरत होते.

"मिरजेची? मग बोलण्यात घाई का एवढी? मिरजेत तर सगळं निवांत असतं," ते म्हणाले.

"सर, मला साडेतीनला शिफ्ट आहे."

"म्हणजे घाईबाई," ते म्हणाले. बस्स, तेच नाव चिकटलं. माझं खरं नाव त्यांनी नंतर कधी घेतल्याचं मला आठवत नाही.

वर्गात आठ-नऊ गाइड. आमेरच्या किल्ल्यावरचा सकाळचा फेरा आटोपून मोटरसायकली दामटत यायचे. त्यांची स्पॅनिश किल्ल्यापुरती होती. उजवीकडे बघा, डावीकडे बघा, हा आरसेमहाल, पायरी जपून. त्यातले भंवरजी सगळ्यांत जुने, झुबकेदार मिशांचे. 'सेन्योरास इ सेन्योरेस', म्हणजे 'स्त्रीपुरुषहो', असं म्हटल्याशिवाय त्यांच्या तोंडून स्पॅनिश फुटायचीच नाही. "स्त्रीपुरुषहो, चटणी इकडे द्या." सर हसून हसून बेजार व्हायचे, पण त्यांनी भंवरजींना कधी सुधारलं नाही.

बारा ते दोन वर्ग, दोनला जेवण. वरण-भात-भाजी सरांची, बाजरीची रोटी, लसणाची चटणी, बेसनाच्या गट्ट्यांची भाजी गाइड घरून आणायचे. सरांना स्पेनमधलं बटाटा-अंड्याचं जाड ऑम्लेट, तोर्तिया, करून घालायची भारी हौस. पण निम्मे गाइड अंडं खात नसत, म्हणून त्यांनी ते बेसनात बसवलं होतं. "सर, हे बटाट्याचं धिरडं आहे," मी म्हटलं. "धिरडंच. पण ते समजून खाल्लं तर तोर्तिया," ते म्हणाले.

आणि मग तो नियम. जेवण संपलं तरी कुणी हात धुवायला उठायचं नाही. हात वाळेपर्यंत बसायचं आणि बोलायचं.

आमच्या घरी याच्या बरोब्बर उलट. उष्टे हात वाळवत बसलात की आई ओरडायची. सर म्हणायचे, "अगं, स्पेनमध्ये याला नाव आहे. सोब्रेमेसा. जेवण झाल्यावर टेबलाशी जे बसणं असतं ना, ते. जेवण हे निमित्त. पहिल्या तासात माणूस पाहुण्याशी बोलतो तसं बोलतो. खरं बोलतो दुसऱ्या तासात." भंवरजी हात पुढे करून म्हणायचे, "सरजी, हाथ सूख के पापड़ हो गए." "अभी मुड़ते हैं क्या? मुड़ रहे हैं तो कच्चे हैं," सर म्हणायचे.

मी मात्र लबाडी करायची. पर्समध्ये ओल्या रुमालांचं पाकीट ठेवलेलं असे. तीनला पाच कमी झाले की टेबलाखाली हळूच बोटं पुसायची आणि म्हणायचं, "सर, वाळला हो हात." ते माझ्याकडे बघायचे. त्यांना त्या रुमालाचा लिंबाचा वास येत असणारच. "जा, घाईबाई," म्हणायचे. अकरा महिने रोज हेच.

त्या टेबलाशी एक खुर्ची रिकामी असायची. बरोब्बर जाळीच्या जागी, ना अलीकडे ना पलीकडे. तिच्यापुढे ताट-वाटी मांडलेली. पहिल्या दिवशी मी तिथेच बसायला गेले तर भंवरजींनी डोळ्यांनी खुणावलं. "वो बेटी की है," ते हळूच म्हणाले.

सरांची मुलगी जवळच्याच बँकेत होती. दोनच्या सुट्टीत स्कूटीवरून घरी यायची. आमच्या मागून, भिंतीला धरून सरळ स्वयंपाकघरात. ओट्याशी उभी राहून दहा मिनिटांत जेवायची, ताट विसळायची, हेल्मेट घालायची आणि निघायची. सर रोज एकदाच म्हणायचे, "ये ना, बस. तुला कुठलीही भाषा चालेल." ती रोज म्हणायची, "उशीर होतोय, बाबा." आवाजात राग नसायचा, म्हणून ते जास्तच ऐकवायचं नाही. ती गेली की सर तिचं ताट उचलून आत नेऊन ठेवायचे. मला वाटायचं, काय ही मुलगी! बापाने एवढं रोज मांडून ठेवावं आणि हिने साधं टेकूसुद्धा नये? एकदा भंवरजींना विचारलं तर ते म्हणाले, "रूठी हुई है, मैडम. माँ गुज़री तब से." अकरा वर्षं. मी मनातल्या मनात तिला आणखी चार शब्द सुनावले.

सरांचा स्पेन एका वर्षाचा. तरुणपणी पुण्यात हौसेने भाषा शिकले, सव्विसाव्या वर्षी शिष्यवृत्ती मिळाली आणि सालामांकाला गेले. एका म्हाताऱ्या विधवा बाईंकडे खोली घेतली होती. पहिल्या दिवशी जेवण झालं तसे हे शहाण्या मुलासारखे उठले, ताट घासलं, जागेवर ठेवलं आणि अभ्यासाला बसले. बाई दारात येऊन उभी. डोळ्यांत पाणी. तिला वाटलं, आपला स्वयंपाक याला आवडला नाही, नाहीतर आपण तरी. "मी कराडच्या घरातला. जेवल्यावर बसून राहणारा म्हणजे आळशी, एवढंच शिकलेलो. तिने बाहीला धरून आणून बसवलं बघ परत," सर सांगायचे. पुढे ते दर शनिवारी मिळेल ती बस पकडायचे आणि जिथे उतरावंसं वाटेल तिथे उतरायचे. "स्पेन मला युनिव्हर्सिटीत नाही, बसमध्ये आणि लोकांच्या टेबलांशी कळला," म्हणायचे. वर्ष संपलं, परत आले. वडिलांनी विम्याची नोकरी बघून ठेवली होती, तिच्याच बदलीत जयपूरला आले ते इथलेच झाले.

त्या बसचं वेड त्यांनी इथेही सोडलं नव्हतं. दर दोन-तीन महिन्यांनी सगळ्या वर्गाला घेऊन मिळेल त्या बसमध्ये चढायचे. एकदा असेच कानोत्याला उतरलो. लोक बंधाऱ्यावर सहलीला जातात. सर गेले चहाच्या टपरीवर आणि बसले. एक तास चहावाली बाई फक्त चहा आणि भजी देत राहिली. मी चुळबुळ करत होते. दुसऱ्या तासात तिने स्वतःच स्टूल ओढलं आणि बहिणीबद्दल सांगायला लागली. एकाच गावात राहून सहा वर्षं बोलत नव्हत्या दोघी. सर काही बोलले नाहीत, सल्ला नाही, काही नाही. निघताना ती म्हणाली, "फेर आइजो," म्हणजे पुन्हा या. परतीच्या बसमध्ये सर खिडकीबाहेर बघत म्हणाले, "सगळ्यांना सांगायचं असतं गं. कुणीतरी बसावं लागतं." मी तेव्हा ऑफिसचे मेल बघत होते.

संध्याकाळी ते फिरायला निघायचे, तेही स्पेनच्या पद्धतीने. कपडे करून, बूट चकाचक, जगतपुऱ्याच्या धुळीच्या रस्त्याला. गल्लीतले विचारायचे, "अंकल, शादी में?" "नहीं जी, बस यूँ ही. लोगों से मिलने," सर म्हणायचे. भेटणारं फारसं कुणी नसायचं. एक इस्त्रीवाला आणि रिक्षा थांब्यावरचे दोघं-तिघं. त्यांना मात्र सर रोज थांबून, हात मिळवून भेटायचे.

मला सरांच्याच सालामांकात प्रवेश मिळाला, निघायची तारीख ठरली. आदल्या दिवशी दुपारी निरोपाला गेले. सरांनी बेसनाची तोर्तिया केली होती, भंवरजींनी स्त्रीपुरुषांना उद्देशून भाषण केलं, सगळे हसलो. दोनच्या सुमारास मुलगी आली, ओट्याशी जेवली, जाताना मला म्हणाली, "हॅपी जर्नी हं." गाइडसुद्धा त्या दिवशी लवकर उठले, दुपारचा कुठलासा ग्रुप होता. टेबलाशी सर आणि मी.

"घाईबाई, आज हात वाळेपर्यंत बस," सर म्हणाले. "एक सांगायचंय."

माझी बॅग अजून भरायची होती. फोनवर कॅब चार मिनिटांवर दाखवत होती. मी म्हटलं, "सर, तिकडे पोचले की फोन करते ना. निवांत बोलू."

"फोनवर कसलं निवांत? फोनला टेबल असतं का?"

मी हसले. रुमाल काढला, या वेळी टेबलाच्या वरच, त्यांच्यासमोर बोटं पुसली आणि वाकून नमस्कार केला. "बरं बरं. जा. गाडी चुकायची," ते म्हणाले. दारापर्यंत आले नाहीत. उष्टा हात तसाच टेबलावर ठेवून बसून होते. ते मी बघितलं. बघूनही गेले.

सालामांकाला पोचल्यावर मी दोनदा फोन केला. "खुशाल आहेस ना? मग ठेव," एवढंच बोलायचे. वर्गाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर त्यांनी नियम करून ठेवला होता, तिथे फक्त स्पॅनिश लिहायचं. तिथे ते सगळ्यांच्या चुका काढायचे. मी तिथेही धावतच होते. लेक्चर, लायब्ररी, सहा महिन्यांत सोळा शहरं बघायचा तक्ता. सोळापैकी नऊ बघितलीही. फोटो आहेत. त्या शहरांतल्या एकाही माणसाचा चेहरा आठवत नाही.

जानेवारीत एका रविवारी तक्त्यात नसलेल्या गावात उतरले, चर्चच्या मनोऱ्यावर करकोचांची घरटी दिसली म्हणून. परतीची एकच बस, साडेचारची. गावात एकच खाणावळ. मालकांचं कुटुंब स्वतःच जेवायला बसत होतं, त्यांनी मला एकटीला वेगळं बसू दिलं नाही. मसुराची घट्ट आमटी, पाव, संत्री. ताटल्या रिकाम्या झाल्या आणि कुणी हललंच नाही. सव्वाचार वाजले तशी मी मनगटाकडे बघायला लागले. शेजारच्या आजींनी माझ्या घड्याळावर आपला हात ठेवला. नुसता ठेवला. बाहेर बसचा आवाज आला आणि गेला. त्यानंतर त्या आजी थोरल्या मुलाबद्दल बोलल्या. पहिल्या तासात त्यांनी 'मला दोन मुलं' म्हणून सांगितलं होतं. दुसऱ्यात कळलं, तीन होती. मला एकदम कानोत्याची टपरी आठवली, आणि मग ते हिरवं टेबल. रात्री त्यांच्याकडेच राहिले. दुसऱ्या दिवशी सरांना पोस्टकार्ड टाकलं, मराठीत: 'सर, काल बस चुकवली. मुद्दाम. दुसऱ्या तासापर्यंत बसले. परत आले की तुमच्याकडे बसते. तुम्हाला काय सांगायचं होतं?'

फेब्रुवारी संपताना ग्रुपवर भंवरजींचा आवाज आला. स्पॅनिशमध्ये, कारण ग्रुपवर दुसरी भाषा चालत नव्हती. "सेन्योरास इ सेन्योरेस," ते म्हणाले, आणि थांबले. मला वाटलं, चटणी मागणार. मग किल्ल्यावर जो एक घोटून ठेवलेला आवाज असतो ना, त्याच आवाजात त्यांनी सांगितलं, की आपले सर आज पहाटे झोपेतच गेले, की त्यांना काही त्रास झाला नाही, आणि पायरी जपून. ते शेवटचं का म्हणाले, त्यांनाही कळलं नसेल. मी तो आवाज पुन्हा पुन्हा ऐकला आणि स्वयंपाकघराच्या फरशीवर बसून रडले.

कोर्स संपवून ऑक्टोबरात जयपूरला आले. सरांच्या मुलीला फोन केला. "रविवारी या. जेवायलाच या," ती म्हणाली.

टेबल तिथेच होतं. वर प्लास्टिक घातलेलं, एका टोकाचं फक्त दुमडून एक ताट मांडलेलं. गाइड आता यायचे बंद झाले होते. वरण-भात, बटाट्याची भाजी. तिने मला वाढलं आणि स्वतःचं ताट घेऊन ओट्याशी गेली. एवढ्या मोठ्या टेबलाशी मी एकटी, आणि ती दारापलीकडे उभी. घास उतरेना.

मग मी सांगून टाकलं. "ताई, जायच्या आदल्या दिवशी सर मला म्हणाले होते, बस, एक सांगायचंय. मी बसले नाही. हात पुसून गेले."

आतला ताट-वाटीचा आवाज थांबला. मला वाटलं, आता ही मला चालती हो म्हणणार. म्हणालीही असती तर बरं वाटलं असतं.

"आई पण असंच बोलली होती," ती आतूनच म्हणाली. तिचं मराठी अडखळत यायचं. "बाबा ऑफिसमधून जेवायला यायचे ना, दहा मिनिटांत खाऊन परत. एक दिवस आई बोलली, जरा बसा, हात वाळेपर्यंत, एक सांगायचंय. बाबा बोलले, शाम को. मी इथेच होते. शाम को आई बोलली, काही नाही, विसरले. तिला गाठ लागली होती हाताला, मतलब, इथे, छातीत. चार महिने नाही बोलली मग कोणाला. डॉक्टर बोलले, चार महिने आधी आला असता तर..." ती थांबली. "मी बाबांना बोलले होते, तुम्ही दहा मिनिटं बसला असता तर. एकदाच बोलले. फिर कधी नाही बोलले, पण बसले पण नाही."

म्हणजे ते टेबल, तो नियम, आमचे वाळलेले हात, ते सगळं स्पेनचं नव्हतंच. स्पेनने सव्विसाव्या वर्षी त्यांना जे शिकवलं होतं, ते घरात त्यांनी तीस वर्षं वापरलं नाही आणि मग वापरायला समोर माणूस उरलं नाही. मी त्या मुलीला अकरा महिने मनातल्या मनात नावं ठेवली होती. आता कुठे तोंड लपवू, असं झालं.

"तुमचं कार्ड आलं होतं," ती म्हणाली. "बाबांनी सगळ्यांना वाचून दाखवलं. मग इथे आले, दारात. मला वाचून दाखवलं. बोलले, बघ, घाईबाई पण बसली. आणि उभे राहिले, असे." ताट ओट्यावर सरकवल्याचा आवाज आला. "मी बोलले, बाबा, उशीर होतोय. एक हफ्ता नंतर गेले. त्या दिवशी उशीर नव्हता होत, सच में. पंधरा मिनिटं होती माझ्याकडे."

मी उठले नाही, तिच्याकडे गेले नाही. काय म्हणणार होते? मलाही चार मिनिटं होती.

बऱ्याच वेळाने ती ताट घेऊन बाहेर आली. जाळीच्या जागची खुर्ची ओढली. प्लास्टिक सारलं, ताट ठेवलं आणि बसली. खुर्चीवर धूळ होती, ती तिने पुसलीही नाही. आम्ही दोघी जेवलो. तिचं झालं, माझं झालं. माझा हात सवयीने पर्सकडे गेला, तो मी ओढून परत टेबलावर ठेवला. तिनेही आपला उष्टा हात माझ्या हातासारखाच, तळवा वर करून ठेवला आणि त्याच्याकडे बघत राहिली.

"किती टाइम लागतो वाळायला?" तिने विचारलं.

मला सांगता येईना. तिकडे सगळे काटे-चमच्यांनी जेवतात. आणि सरांच्या टेबलाशी मी एकदाही हात वाळेपर्यंत बसले नव्हते.